दुबईची पेठ : जुनी आणि नवी

घरातले किंवा शेजारचे कोणी दुबईला निघाले, की त्याच्या हाती याद्या पडू लागतात. बदाम, पिस्ते, केशर, अत्तराची कुपी, मुलाला खेळणे, आणि जमले तर थोडे सोने. कोकणात, विशेषतः रत्नागिरी आणि रायगडाकडे, ज्या घरातले कोणी ना कोणी आखातात नाही अशी घरे काही गावांत शोधावी लागतात. तेव्हा तुमच्यापैकी बऱ्याच जणांना दुबईचे नाव नवे नाही. पण तेथे बाजार कसा करावा, हे सांगणारा सहसा भेटत नाही. जो तो आणलेला माल दाखवतो. तो कसा आणला, हे सांगत नाही.

माझा भाचा तेथे वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करण्याच्या कामावर आहे. बहिणीच्या लग्नासाठी त्याला दोन तोळ्यांच्या बांगड्या घ्यायच्या होत्या. मी तेथे गेलो आहे असे पाहून तो म्हणाला, "मामा, तुम्ही बरोबर चला. मी एकटा गेलो तर फसवतील." आता फसलो ते मीच, आणि तेही सोन्यात नव्हे. ते पुढे येईलच.

प्रथम गावाची रचना ध्यानात घ्या. दुबईच्या जुन्या वस्तीच्या मधून एक खाडी गेली आहे. एका तीराला देरा, दुसऱ्या तीराला बर दुबई. सोन्याची आणि मसाल्याची पेठ देऱ्याच्या बाजूला, कापडाची बर दुबईच्या. पलीकडे जाण्यासाठी लाकडी होड्या आहेत, त्यांना 'अब्रा' म्हणतात. मधल्या बाकावर पाठीला पाठ लावून वीसएक माणसे बसतात आणि चारपाच मिनिटांत पैलतीर येतो. भाडे एक दिरहम. एवढ्या श्रीमंत शहरात एवढा स्वस्त प्रवास दुसरा नसेल. धक्क्याला अजूनही लाकडी गलबते लागलेली दिसतात, आणि त्यांवर इराणकडे किंवा आफ्रिकेकडे जाणारी शीतकपाटे, टायर, चहाची खोकी रचलेली असतात.

ही पेठ वसली ती जकातीच्या हिशेबाने. विसाव्या शतकाच्या आरंभी इराणच्या किनाऱ्यावर जकात वाढली, तेव्हा दुबईच्या शेखाने आपले बंदर व्यापाऱ्यांना करमुक्त केले. लिंगे बंदरातले व्यापारी उठून इकडे आले. हवा खाली खेचणारे चौकोनी मनोरे असलेली त्यांची घरे बर दुबईत आजही उभी आहेत. त्या काळचा मोठा माल म्हणजे मोती. आखातातले मोती विकले जात ते मुंबईच्या बाजारात. पुढे १९३० च्या सुमारास जपानी कृत्रिम मोती आले, जगभर मंदी आली, आणि तो धंदा बसला. पण मुंबईशी असलेला धागा तुटला नाही. दुबईत तेव्हा चलन होते ते आपलाच रुपया. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळ्या नोटा काढल्या, आणि १९६६ साली रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर तेथील राज्यांनी रुपया सोडला. सध्याचा दिरहम १९७३ सालचा.

निराळ्या नोटा का काढाव्या लागल्या, हेही सोन्याशी निगडित आहे. दुबईतून सोने बाहेर नेणे कायदेशीर होते. भारतात ते आणणे बेकायदेशीर. दहा तोळ्यांच्या लगडी गलबतांतून आपल्या किनाऱ्याला लागत आणि रुपयांच्या थैल्या उलट दिशेने जात. त्यामुळे परकीय चलनाला गळती लागली होती. त्या लगडीचे नाव अजूनही 'दहा तोळे' असेच आहे. म्हणजे ज्या देशाने दशमान पद्धतीत तोळा कागदोपत्री सोडला, त्याचे माप परदेशी बाजारात टिकून आहे. मात्र एक सावधगिरी बाळगा. आपल्याकडचे सराफ आता तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात, आणि तेथे तोळा म्हटला की ११.६६ ग्रॅम. यादीत 'दोन तोळे' असे लिहू नका, ग्रॅम लिहा.

आता पेठेत शिरू. अरबी भाषेत बाजाराला 'सूक' म्हणतात. गल्ल्या अरुंद, वर छप्पर, दोन्ही बाजूंना दुकाने. ही अरुंदी गैरसोयीची वाटते, पण ऊन अडवण्यासाठी ती मुद्दाम ठेवलेली असते. दुपारी एक ते चारच्या सुमारास पुष्कळ दुकाने बंद होतात, आणि शुक्रवारी सकाळी पेठ सुनी असते. संध्याकाळी जावे हे उत्तम. एका धंद्याची दुकाने एका रांगेत असतात, जशी आपल्याकडे पुण्यात तांब्यापितळेची किंवा मुंबईत जव्हेऱ्यांची. शेजारी शेजारी बसून हे एकमेकांचे गिऱ्हाईक का पळवतात, असे मला पूर्वी वाटे. पण यात गिऱ्हाइकाचे हित आहे. दहा पावलांवर दुसरा भाव मिळतो, हे दुकानदाराला ठाऊक असते आणि आपल्यालाही.

भाषेची भीती बाळगू नका. दुकानात बसणारा माणूस बहुधा केरळचा, गुजरातचा, सिंधी, पाकिस्तानी, बांगलादेशी, इराणी किंवा अफगाण असतो आणि त्याला हिंदी येते. शिवाय व्यवहारापुरते अरबी आपल्याला येतेच, फक्त ते आपण मराठी समजतो. दुकान, किंमत, वजन, हिशेब, नफा, जमा, खर्च, बाकी, वसूल, दलाल, मालक हे सगळे शब्द अरबीतून आलेले. आपल्या नगरपालिका पूर्वी वर्षानुवर्षे घेत असत ती 'जकात' म्हणजे मूळची 'झकात', धर्माप्रमाणे द्यावयाचे दान! नाक्यावर ते दान कोणी हसत दिल्याचे मला आठवत नाही.

एक शब्द मात्र घोटाळ्याचा आहे. आपण देवापुढे किंवा बाळंतिणीच्या खोलीत ऊद घालतो, तो राळेसारखा. दुबईत 'ऊद' मागितलात तर अगरूचे लाकूड पुढे येईल, आणि त्याचा भाव ऐकून तुम्ही दचकाल. त्यातले काही आपल्याच आसामातून गेलेले असते. धुपासाठी स्वस्त हवे असेल तर 'लुबान' म्हणा. तो ओमानच्या धोफारहून आणि सोमालियाकडून येतो. फिकट, हिरवट झाक असलेला आणि अर्धपारदर्शक खडा चांगला समजतात.

मसाल्याच्या पेठेत पोती उघडी मांडलेली असतात. काळे पडलेले वाळके लिंबू, त्याला 'लूमी' म्हणतात; आंबट लाल सुमाक; कॉफीत घालावयाची वेलची; वाळक्या गुलाबकळ्या. येथेच मी फसलो. एका दुकानात मोठ्या परातीत 'केशर' होते, आणि भाव इतका कमी की मी शंभर ग्रॅम घेतले. घरी आणून दुधात घातले, दूध लगेच पिवळे झाले, वास मात्र नाही. सोलापूरकडच्या आमच्या काकूंनी चिमूट उचलून पाहिली आणि म्हणाल्या, "अहो, ही तर करडईची फुलं!" जन्मभर करडईच्या तेलाची फोडणी खाल्लेल्या माणसाने समुद्रापलीकडून करडई विकत आणावी, यापरते काय सांगावे? तुम्ही असे करा. केशराचा तंतू गडद लाल असतो आणि एका टोकाला कर्ण्यासारखा पसरतो. तो गार पाण्यात टाकला तर रंग सावकाश सुटतो आणि तंतू लालच राहतो. आणि जे परातीत ढिगाने मांडले आहे, ते केशर नव्हे एवढे समजावे.

सोन्याच्या पेठेत प्रथम डोळे दिपतात. सुमारे ६४ किलो वजनाची एक अंगठी तेथे काचेमागे ठेवली आहे. ती कोणत्या बोटासाठी, हे विचारू नका. पण दिपलेले डोळे चोळून एकदा भिंतीवरच्या फलकाकडे पाहा. त्यावर दिवसाचा भाव असतो, २४, २२, २१ आणि १८ कॅरटचा. हा भाव सगळ्या दुकानांत एकच. त्यावर घासाघीस करू नका, करणारा नवखा ठरतो. आपल्याकडचे दागिने २२ कॅरटचे, म्हणजे हजारात ९१६ भाग सोने. अरब स्त्रियांना २१ कॅरट आवडते, म्हणजे ८७५ भाग. एखादी बांगडी स्वस्त वाटली तर आधी आतला आकडा वाचा.

घासाघीस करावयाची ती घडणावळीवर. तिला ठरलेला दर नाही. समजा, सोयीसाठी, २२ कॅरटचा भाव ग्रॅमला ४०० दिरहम आहे आणि तुम्हाला २० ग्रॅमच्या बांगड्या हव्या आहेत. सोन्याचे ८,००० झाले. एक दुकानदार घडणावळ ग्रॅमला ३० सांगतो, दुसरा बोलून बोलून १२ वर येतो. पहिल्याकडे ८,६०० आणि त्यावर पाच टक्के कर ४३०, एकूण ९,०३०. दुसऱ्याकडे ८,२४० आणि कर ४१२, एकूण ८,६५२. फरक ३७८ दिरहमांचा. माझ्या भाच्याचा महिन्याचा जेवणखर्च जवळपास तेवढाच आहे. म्हणून घडणावळ 'सगळे मिळून किती' अशी विचारू नये, 'ग्रॅमला किती' अशी विचारावी. खडे जडवलेले असतील तर खड्यांचे वजन वजा करून घ्यावे, नाही तर काच सोन्याच्या भावाने घरी येते. दागिना मोडायची पाळी आली तर घडणावळ आणि कर परत मिळत नाहीत, मिळते ते सोन्याचे. ज्याला पुढेमागे मोडावे लागण्याचा संभव आहे, त्याने नक्षी कमी असलेला दागिना घ्यावा.

हा पाच टक्के कर २०१८ सालच्या जानेवारीत आला. पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाला त्यातला बराचसा भाग विमानतळावर परत मागता येतो, मात्र खरेदीच्या वेळीच पारपत्र दाखवून तशी पावती करून घ्यावी लागते. तेथे राहून नोकरी करणाऱ्याला ही सवलत नाही. बांगड्या पाहुण्याच्या नावाने घेतल्या तर कर सुटेल, हे मला सुचले होते. भाचा म्हणाला, "मामा, पावती माझ्याच नावाची असू दे." मी पुढे बोललो नाही.

आणि आपल्या बाजूचाही विचार करा. २०२४ सालच्या जुलैत भारताने सोन्यावरील आयातशुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणले, तेव्हा दोन्हीकडच्या भावांतले अंतर पुष्कळ आक्रसले. विमानतळावर किती ग्रॅम बिनशुल्क आणता येते, ते स्त्रीपुरुषांना आणि परदेशी राहिलेल्या काळाप्रमाणे निराळे असते व बदलतही असते. निघण्यापूर्वी नियम पाहून घ्यावा आणि पावती जवळ ठेवावी.

आता नवी पेठ, म्हणजे मॉल. देऱ्यातले अल घुरैर केंद्र १९८१ साली निघाले, तेथून हा प्रकार सुरू झाला. १९९५ साली देरा सिटी सेंटर, २००५ साली मॉल ऑफ द एमिरेट्स, ज्यात वाळवंटातल्या लोकांना खऱ्या बर्फावर घसरता यावे अशी टेकडी केलेली आहे. आणि २००८ साली दुबई मॉल, ज्यात बाराशेहून अधिक दुकाने, माशांचा अजस्र हौद आणि बर्फाचे रिंगण आहे. मेट्रोच्या स्थानकापासून या मॉलपर्यंत सुमारे ८०० मीटरचा बंदिस्त, थंड रस्ता आहे. दुकान गाठण्यासाठी एवढी तंगडतोड, असे म्हणून मी कुरकुरलो होतो. पण उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर मजुरांकडून काम करून घेण्यास तेथे बंदी आहे. अशा हवेत मॉल हा बाजार कमी आणि गावचा चौक जास्त असतो. माणसे तेथे फिरायला येतात, नमाजाची जागा असते, म्हातारी मंडळी सकाळी पायी चालण्याचा व्यायामसुद्धा तेथेच करतात.

मॉलमध्ये भाव चिठ्ठीवर छापलेला असतो, बोलण्याचे काम नाही. न आवडल्यास बहुधा वस्तू बदलून मिळते. यंत्रे, घड्याळे, दूरध्वनी, मुलांची औषधे आणि दूधभुकटी तेथेच घ्यावी. हमीपत्र भारतात चालते की नाही, ते विचारून घ्यावे. तेथील विजेचे खटके चौकोनी तीन पिनांचे असतात, तेव्हा इस्त्री आणलीत तर तिचा जोड बदलावा लागेल. मात्र मसाला, धूप, कापड या गोष्टी मॉलमध्ये घेतल्यात, तर त्या थंड हवेचे भाडे तुम्हीच भरता. आणि गंमत अशी, की मॉलवाल्यांनी जुन्या पेठेची नक्कल आत करून ठेवली आहे. लाकडी कमानी, कंदील, नावात 'सूक'. इब्न बतूताच्या नावाच्या एका मॉलमध्ये तर त्याने पाहिलेल्या देशांची दालने आहेत, त्यांत हिंदुस्थानचेही. हा प्रवासी चौदाव्या शतकात आपल्या दौलताबादेसही आला होता आणि तेथील गवयांच्या बाजाराचे वर्णन त्याने करून ठेवले आहे. तो बाजार त्या दालनात नाही.

आम्ही बांगड्या घेतल्या त्या चौथ्या दुकानात. घडणावळ ग्रॅमला ३२ पासून १४ वर आली. भाच्याने दुकानदाराला तीनदा नमस्कार करून तीनदा पायऱ्या उतरून दाखवल्या. ही विद्या त्याला कोणी शिकवली, मला ठाऊक नाही, मी तर नाहीच. बांगड्या १९.८ ग्रॅम भरल्या. त्याने सतरा महिने जमवलेले पैसे मोजून दिले, दुकानदाराने यंत्रात घालून पुन्हा मोजले, आणि लाल मखमलीची पेटी पुढे केली. शहराच्या कडेला मजुरांची एक मोठी वस्ती आहे, तिला आपल्याकडची माणसे सोनापूर म्हणतात. मुंबईकरांना हे नाव निराळ्या अर्थाने माहीत आहे. भाचा तेथे सहा जणांच्या खोलीत राहतो आणि खोलीत कपाटाला कुलूप नाही, म्हणून पेटी माझ्याकडे द्यायची असे आधीच ठरले होते.

परतताना अब्रात तो पेटी मांडीवर घेऊन बसला. पैलतीर आल्यावर त्याने ती एकदा उघडून पाहिली, बंद केली आणि माझ्या पिशवीत घातली. मग खिशातून कागद काढला आणि म्हणाला, "मामा, आता आईची यादी राहिली. केशर लिहिलंय."

"केशर मी बघतो," मी म्हणालो, आणि त्याला मॉलमध्ये घेऊन गेलो.