प्रवेशाचा महिना, सिहोऱ्यातलं कियोस्क

सकाळी ८

शटर वर करायच्या आधीच बाकावर चार जण बसलेले असतात. जुलै महिना. नीटचा निकाल लागलेला आणि कॉलेजांच्या उरलेल्या फेऱ्या चालू. जबलपूर इथून साधारण चाळीस किलोमीटर. आसपासच्या खेड्यांतली पोरं पहिल्या बसने सिहोऱ्याला येतात आणि माझ्या एमपी ऑनलाइनच्या कियोस्कवर फॉर्म भरतात.

पहिला प्रश्न फॉर्मचा नसतोच. वडील खुर्ची जवळ ओढून आवाज खाली आणतात, "भैया, ऊपर कोई जान-पहचान का है?"

मी सांगतो की सरकारी कॉलेजात बी.ए., बी.एस्सी.ची यादी बारावीच्या टक्क्यांवर लागते, तिथे कुणाचा मामा चालत नाही. त्यांना ते पटत नाही, आणि त्यात त्यांची चूकही नाही. याच राज्यात व्यापमं घोटाळा झाला. पीएमटीला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला, दुसऱ्याच्या नावाने परीक्षार्थी बसले, उत्तरं पुरवता यावीत म्हणून आसनक्रमांक मुद्दाम मागे-पुढे लावले गेले. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६३४ जणांचे एमबीबीएसचे प्रवेश रद्द केले. हे ज्यांनी वर्षानुवर्षं पेपरात वाचलं, त्यांचा विश्वास माझ्या एका वाक्याने कसा बसणार?

सकाळी १०

मझौलीकडच्या खेड्यातली एक मुलगी वडिलांबरोबर आली. वडील खदानीवर मजूर. प्लास्टिकच्या पिशवीत गुणपत्रिका, समग्र आयडी, मूळ निवासी आणि जातीचा दाखला, सगळं नीट घडी करून ठेवलेलं. नीटचे गुण चांगले. मेडिकल काउन्सेलिंगचा फॉर्म तिने मैत्रिणीच्या मोबाइलवरून अर्धा भरला होता. सरकारी शाळेचा रकाना रिकामा.

"हा का सोडलास?"

"उससे क्या होता है, भैया?"

ती सहावीपासून बारावीपर्यंत सरकारी शाळेत शिकलेली. मध्य प्रदेशात २०२३ पासून अशा मुलांसाठी एमबीबीएसच्या ५ टक्के जागा राखीव आहेत. त्यांतल्या खुल्या जागांवर राखीव प्रवर्गातल्या गुणवान मुलांचाही हक्क आहे, हे ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. मुलगी ओबीसी, म्हणजे दोन्ही गोष्टी तिच्या कामाच्या. तिच्या घरात, गल्लीत, शाळेत हे सांगणारं कुणी नव्हतं. शाळेच्या दाखल्यासाठी काय-काय लागेल ते कागदावर लिहून दिलं आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी वडिलांना लोकसेवा केंद्राकडे पाठवलं. जागा मिळाली तर मेधावी विद्यार्थी योजनेतून फी सरकार भरतं, हे त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

थोड्या वेळाने एक मुलगा आला. त्याचे काका जबलपूरला डॉक्टर. कॉलेजांचा पसंतीक्रम काकांनीच लिहून दिलेला, कोणतं आधी, कोणतं नंतर, कुठे किती गुणांपर्यंत यादी खाली येते, सगळं. दहा मिनिटांत काम झालं. काकांनी कुणाला फोन केला नाही, कुणाला पैसे दिले नाहीत. त्या मुलाने काही गैर केलं असं मी मुळीच म्हणणार नाही. पण नात्याचा खरा जोर आज इथे आहे, यादी लागायच्या आधी.

दुपारी १

गर्दी ओसरली की आमच्या मराठी मंडळींपैकी एक काका हमखास येतात. १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होतं, त्यामुळे इथल्या मराठी घरांतली सोयरीक अजून नागपूरकडेच.

"अरे, माझा मेव्हणा नागपुरात आहे. नातवाचं तिकडेच बघ ना मेडिकलचं."

"काका, त्याची दहावी-बारावी इथली, रहिवासी दाखला इथला. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यात तो बसत नाही. तुमच्या मेव्हण्याकडे राहायची सोय होईल, जागा नाही मिळायची."

काकांना निलंगेकर प्रकरण आठवलं. एम.डी.च्या परीक्षेत मुलीचे गुण वाढवल्याच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले आणि मार्च १९८६ मध्ये शिवाजीराव पाटील निलंगेकरांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. ते प्रकरण कोर्टात गेलं कारण एका डॉक्टरने याचिका केली. तेवढी हिंमत कुणीतरी करावी लागते.

दुपारी ४

एक व्यापारी आले. पत्नीचे चुलतभाऊ दुबईत, म्हणून एनआरआय कोटा बसेल का? पंजाब सरकारने काका, मामा, आत्या, मावशी यांच्या नात्यावर हा कोटा रुंद करून पाहिला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही निव्वळ फसवणूक असल्याचं सुनावलं. हे सांगितल्यावर ते नाराज होऊन उठले. होऊ देत.

संध्याकाळी ७

सर्व्हर आता कुठे सुरळीत चालू लागला. एक पोरगा अलॉटमेंट लेटर घेऊन आला, फी भरायची मुदत काल संपलेली. मेसेज आला होता, पण ज्या मोबाइल नंबरवर आला तो गावातल्या दुकानदाराचा. त्याला पुढच्या फेरीत पुन्हा नाव घालायला सांगितलं. तिथे हीच जागा उरेल असं नाही.

घरच्या ओळखीचा फायदा फक्त आपल्याकडेच नाही. अमेरिकेत बड्या खासगी विद्यापीठांत माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना उघडपणे झुकतं माप मिळत आलं. उघड होतं म्हणून कॅलिफोर्नियाला २०२४ साली त्याविरुद्ध कायदा करता आला. आपल्याकडे घरात कुणी शिकलेलं असण्याचा फायदा कुठल्याच नियमात लिहिलेला नाही, तेव्हा तो कायद्याने काढताही येणार नाही. तो फायदा बाकीच्यांपर्यंत पोचवावा लागेल. प्रत्येक उच्च माध्यमिक शाळेने मे ते ऑगस्ट एका शिक्षकाला फक्त प्रवेशाच्या कामावर बसवलं, तर माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलांचं नुकसान टळेल.

तोवर वाचणाऱ्यांना एवढीच विनंती: तुमच्या घरात फॉर्म भरता येणारं, तारखा कळणारं कुणी असेल, तर यंदा शेजारच्या एका तरी मुलाचा फॉर्म त्याच्याजवळ बसून भरा, आणि फी भरल्याची पावती हातात पडेपर्यंत त्याला सोडू नका.