शाळा बंद असताना: धडा दुरून येईल, पण माणूस जवळ हवा



सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा आणि भूम तालुक्यांत पूर आला आणि शाळांना सुट्टी द्यावी लागली. त्यानंतर मंडळीतील काही जणांनी विचारले, "वस्तीवरच्या मुलांसाठी आम्ही जुने मोबाईल किंवा टॅब पाठवू का? शाळा बंद पडली तरी अभ्यास चालू राहील." या प्रश्नामागे माया आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट समजून घेऊ या.

शाळा बंद पडणे आपल्या जिल्ह्याला नवे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात सास्तूर परिसरात घरांबरोबर शाळाही गेल्या. मार्च २०२० मध्ये करोनामुळे सगळ्याच शाळांना कुलूप लागले. ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला १ डिसेंबर २०२१ उजाडले. म्हणजे जे मूल जून २०२० मध्ये पहिलीत दाखल झाले, ते वर्गात बसले तेव्हा त्याचे दुसरीचे निम्मे वर्ष सरत आले होते. ऊसतोड मजुरांच्या मुलांची शाळा तर दरवर्षीच बंद पडते. दिवाळीच्या सुमारास आईबाप कोयता घेऊन निघतात आणि हंगाम संपल्यावर परततात. त्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आणि शिक्षण हमी पत्रक या सरकारी सोयी आहेत, तरी पालांबरोबर जाणारी मुले अजूनही दिसतात.

करोनाकाळात प्रयत्न कमी झाले नाहीत. राज्याने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' हा उपक्रम राबवला. दीक्षा ॲपवर धडे होते. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड मोबाईलने टिपला की धडा उघडत असे. या कोडची कल्पना शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी आधी वापरली होती. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ पुरस्कार त्यांना मिळाला. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिकाही लागत असे. धडे चांगले होते. ते मुलापर्यंत पोहोचत होते का, हा खरा प्रश्न होता.

'असर' या देशव्यापी पाहणीने सप्टेंबर २०२० मध्ये ग्रामीण कुटुंबांना फोन करून हे विचारले. शाळेत नाव असलेल्या ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ मध्ये हेच प्रमाण ३६.५ टक्के होते. पण आदल्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्यास मिळाला, अशी मुले सुमारे एक तृतीयांशच निघाली. पुढे २०२२ च्या पाहणीत, दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुले देशभरात २७.३ टक्क्यांवरून २०.५ टक्क्यांवर आलेली दिसली. घराघरांत मोबाईल वाढले, तरी वाचन मागे गेले.

असे का होते, ते पारधी वस्तीवर गेल्यावर कळते. घरात फोन एकच असतो आणि तो वडिलांच्या खिशात. वडील कामाला गेले की फोनही जातो. संध्याकाळी परत येतो तेव्हा त्यात रिचार्ज नसतो, किंवा चार्जिंग संपलेले असते. भावंडे तीन, आणि धडा वेगवेगळ्या इयत्तांचा. शिवाय घरात पारधी बोली चालते. तिचे नाते गुजरातीशी जवळचे आहे. पहिलीच्या मुलाला पडद्यावरच्या बाईंची प्रमाण मराठी अर्धीच कळते आणि "बाई, म्हणजे काय?" असे पडद्याला विचारता येत नाही. आईवडील शाळेत गेलेले नसतील, तर घरात विचारायलाही कोणी नसते.

मग कुठे जमले? पालघर जिल्ह्यात मोखाड्याच्या आदिवासी पाड्यांवर दिगंत स्वराज फाउंडेशनने 'बोलकी शाळा' चालवली. धडे आधीच ध्वनिमुद्रित केलेले असत. स्थानिक स्वयंसेवक स्पीकर घेऊन पाड्यावर जात आणि मुले मोकळ्या जागेत अंतर ठेवून बसून ऐकत. इंटरनेट लागत नसे. सोलापूरच्या नीलमनगरात, विडी आणि कापड कामगारांच्या वस्तीत, आशा मराठी विद्यालयाने सुमारे ३०० घरांच्या भिंतींवर अभ्यास रंगवून घेतला. मूल दारातून बाहेर पडले की धडा समोर.

आफ्रिकेतील बोत्सवाना देशात तर याची शास्त्रशुद्ध परीक्षा झाली. २०२० मध्ये शाळा बंद असताना काही कुटुंबांना आठवड्याला फक्त गणिताचे एसएमएस पाठवले. काहींना एसएमएसबरोबर शिक्षकाचा साधारण वीस मिनिटांचा फोनही केला. फोन साधाच, बटणांचा. नुसत्या एसएमएसने फारसा फरक पडला नाही. ज्यांना फोन आला, त्या मुलांचे गणित सुधारले. पुढे भारतासह पाच देशांत हा प्रयोग पुन्हा झाला आणि तिथेही फोनचा उपयोग दिसला.

आपल्याला ही गोष्ट ओळखीची वाटायला हवी. पौल तुरुंगात होता, मंडळ्या दूर होत्या. त्याने पत्रे लिहिली. पण कलस्सैच्या मंडळीकडे पत्राबरोबर तुखिक आणि अनेसिम गेले. पत्र सर्वांसमोर वाचले जावे आणि पुढे लावदिकीयाच्या मंडळीतही वाचले जावे, अशी सूचना होती. शिक्षण दुरून आले, पण ते मंडळीपर्यंत नेणारा माणूस ओळखीचा होता.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे: नुसते फोन पाठवू नका. त्याऐवजी प्रत्येक वस्तीमागे पुढील गोष्टी हव्यात.

एक, वस्तीवरचीच दहावी किंवा बारावी झालेली एक ताई किंवा दादा, जिला अथवा ज्याला पारधी बोली आणि मराठी दोन्ही येतात. तिला महिन्याचे ठरावीक मानधन मिळावे. दिवसाची मजुरी बुडवून कोणी किती दिवस शिकवेल?

दोन, मेमरी कार्डवर धडे भरलेला एक स्पीकर आणि चार्जिंगसाठी लहान सौर पॅनल. रेंज गेली तरी अडत नाही.

तीन, इयत्तेऐवजी येण्याप्रमाणे गट. अक्षर न ओळखणारी मुले एकीकडे, शब्द वाचणारी दुसरीकडे. अर्धा तास ऐकणे, अर्धा तास ताईबरोबर बोलणे आणि लिहिणे.

चार, ऊसतोडीला गेलेल्या मुलाला आठवड्यातून एक फोन, आईवडील कोपीवर परतल्यावर. एक गणित, एक लहान उतारा, आणि "जेवलास का?" हेही.

पाच, शाळेतील गुरुजींशी सतत बोलणे. शाळा उघडली की ताईची वही गुरुजींच्या हाती जावी, म्हणजे मूल कुठवर आले ते त्यांना कळेल. ही व्यवस्था शाळेची जागा घेण्यासाठी नाही. मुलाला शाळेत परत नेऊन पोहोचवले की तिचे काम झाले.

हे सगळे पूर किंवा साथ आल्यावर उभे करता येत नाही. ताई आधीपासून वस्तीवर शिकवत असेल, तरच कुलूप लागल्याच्या दुसऱ्या दिवशी मुले तिच्या अंगणात जमतील. म्हणून यंदा वर्गणी देताना वस्तूपेक्षा मानधनाचा विचार करावा, ही विनंती. जुना फोन द्यायचाच असेल तर तो ताईसाठी द्या, बारा महिन्यांच्या रिचार्जसह.

प्रार्थनेत या मुलांची आठवण ठेवा. विशेषतः ज्यांचा पहिलीचा वर्ग करोनात बुडाला, त्यांची. ती आता वरच्या वर्गांत गेली आहेत. त्यांच्यातील काहींना अजूनही ओळीखाली बोट धरून वाचावे लागते, आणि वयाने मोठे झाल्यामुळे ते सांगायची लाज वाटते. लहानांसाठी बसणारी ताई संध्याकाळी त्यांनाही तासभर देऊ शकेल.