दिवसातून चार वेळा उलटी फिरणारी नदी

जिला उगम नाही, मुख नाही, जिचं पाणी खारट आहे आणि जी दर सहा तासांनी पाठ फिरवून आल्या वाटेनं वाहू लागते, अशी नदी पाहायची असेल तर नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावर बोडो नावाच्या शहरात जायला हवं. शहरापासून रस्त्यानं साधारण ३० किलोमीटरवर दोन खडकाळ किनाऱ्यांच्या मधून ती धावते. तिचं नाव साल्टस्ट्राउमेन. जगातल्या सर्वात जोरदार भरतीप्रवाहांमध्ये तिची गणना होते आणि तिच्या काठावर उभं राहायला एक पैसाही लागत नाही.

बोडो हे उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर, ६७ अक्षांशावरचं गाव. नॉर्वेच्या रेल्वेचा उत्तरेकडे जाणारा ७२९ किलोमीटरचा मार्ग इथे येऊन संपतो. याच अक्षांशावर ग्रीनलंडमध्ये बर्फाची चादर आहे, पण बोडोचं बंदर हिवाळ्यातही गोठत नाही, कारण अटलांटिकमधला उबदार प्रवाह या किनाऱ्याला घासून जातो. पाहुणे इथे येतात ते डोंगर चढायला, मासे धरायला, वेगवान रबरी बोटीत बसायला, गरुड पाहायला, थंडगार पाण्यात बुडी मारायला. यातल्या डोंगराचं तुम्ही तुमच्या सवडीनं ठरवा. पाण्याशी संबंध आला, की वेळ चंद्र ठरवतो.

तो कसा, ते समजून घेण्यासाठी आधी जागेचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. एका बाजूला साल्टफियोर्ड, म्हणजे खुल्या समुद्राला जोडलेली रुंद खाडी. दुसऱ्या बाजूला शेर्स्टाड फियोर्ड, डोंगरांनी वेढलेली, आत खोलवर घुसलेली, ५०० मीटरपेक्षाही खोल. आणि या दोघींना जोडणारी जागा? जेमतेम तीन किलोमीटर लांब आणि १५० मीटर रुंद. शेजारी आणखी दोन लहान वाटा आहेत, पण मोठा भार या एकाच चिंचोळ्या तोंडावर.

इतकी खोल खाडी आणि तिला एवढंसं तोंड, हे कोणी घडवलं? बर्फानं. हिमयुगात या प्रदेशावर प्रचंड हिमनद्या सरकत होत्या. जिथे बर्फाचा थर जाड, तिथे त्यानं खडक खोल खरवडला. समुद्राच्या दिशेनं थर पातळ होत गेला, तशी खरवडही कमी झाली. म्हणून फियोर्ड बहुधा आत खोल आणि तोंडाशी उथळ असतात. बर्फ वितळला, समुद्र आत शिरला आणि मग आणखी एक विलक्षण गोष्ट घडली. इतकी हजारो वर्षं बर्फाच्या वजनाखाली दबलेली जमीन हळूहळू वर येऊ लागली. ती अजूनही येते आहे, वर्षाला काही मिलिमीटर. पूर्वी इथलं तोंड बरंच रुंद होतं, पाणी निवांत ये-जा करत असणार. जमीन उचलत गेली, तोंड आवळत गेलं आणि सुमारे दोन ते तीन हजार वर्षांपूर्वी आजचा हा रौद्र प्रवाह जन्माला आला. भूगोलाच्या हिशेबात हे कालचं बाळ आहे!

आता यात चंद्र आणा. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी लागते, हे कोकणातल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. बाहेर भरती चढू लागली की साल्टफियोर्डची पातळी वाढते. आतल्या फियोर्डलाही तेवढंच वर यायचं असतं, पण पाणी येणार कुठून? त्या १५० मीटरच्या फटीतून. मागणी अफाट, वाट अरुंद. आत पुरेसं पाणी पोहोचेपर्यंत बाहेरची पातळी आतल्यापेक्षा कधी कधी जवळपास एक मीटरनं उंच झालेली असते. समुद्राच्या पाण्याला उतार! आपण समुद्रसपाटी हा शब्द किती विश्वासानं वापरतो, आणि इथे समुद्र चक्क तिरपा होऊन घरंगळतो.

एका फेरीत या फटीतून साधारण ४० कोटी घनमीटर पाणी जातं. हा आकडा असा मनात भरत नाही, म्हणून तो आपल्या पावसाळी बातम्यांच्या भाषेत मांडून पाहू. ४० कोटी घनमीटर म्हणजे सुमारे १४ टीएमसी. कोयना धरण काठोकाठ भरलं की त्यात १०५ टीएमसी पाणी असतं. म्हणजे अख्खं कोयना या फटीतून जायला आठ फेऱ्याही लागणार नाहीत, दोन दिवसांच्या आत काम फत्ते. विसर्ग काढलात तर सरासरी सहा लाख क्युसेकच्या वर जातो. कोयनेतून ५० हजार क्युसेक सोडले की सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांच्या पोटात गोळा येतो. इथे त्याच्या बारापट विसर्ग रोज चार वेळा होतो, वर्षाचे बाराही महिने, आणि काठावर लोक गळ टाकून उभे असतात.

वेगाबद्दल मात्र थोडं थांबायला हवं. पर्यटकांना मिळणाऱ्या माहितीत २० नॉट, म्हणजे ताशी ३७ किलोमीटर, असा आकडा सर्रास दिलेला असतो. शाळेतलं गणित हाताशी घ्या. पाण्याची पातळी एक मीटरनं खाली येत असेल, तर त्या उतारानं पाण्याला मिळणारा वेग सेकंदाला साधारण ४.४ मीटर होतो, म्हणजे ताशी १६ किलोमीटर. ३७ गाठायचे तर पातळीत पाच मीटरहून जास्त फरक लागेल, आणि बोडोला उधाणाची भरतीसुद्धा तीन मीटरच्या आसपासच असते. तेव्हा माझं मत विचाराल तर मोठा आकडा सोडून द्यावा. कारण ताशी १६ हाच खरा थक्क करणारा आकडा आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन असतं. ताशी १६ किलोमीटरनं येणारं पाणी तुम्हाला जेवढ्या जोरानं ढकलेल, तेवढं ढकलायला वाऱ्याला ताशी साडेचारशे किलोमीटरनं वाहावं लागेल. इतका वारा कोणत्याही चक्रीवादळात नसतो. शिवाय जगातला सर्वात वेगवान पोहणारा माणूस ५० मीटर पार करायला २१ सेकंदांच्या आसपास घेतो. म्हणजे जीव खाऊन पोहला तरी या प्रवाहाच्या निम्म्याच वेगानं!

यातली मला सगळ्यात मोहवणारी गोष्ट वेगळीच आहे. बाहेर भरती पूर्ण झाली, की प्रवाह थांबायला हवा ना? तो थांबत नाही. आतली पातळी अजून खालीच असते, त्यामुळे बाहेर ओहोटी लागून समुद्र उतरू लागला तरी पाणी आत धावतच राहतं. उतरणारा समुद्र आणि चढणारा फियोर्ड जिथे एका पातळीला भेटतात, त्या क्षणी उतार संपतो आणि प्रवाह विसावतो. काही मिनिटं. मग पाणी उलट निघतं. म्हणून बंदरातलं भरतीचं वेळापत्रक बघून इथे येणारा माणूस फसतो. प्रवाह फिरण्याच्या वेळांचा तक्ता वेगळा असतो आणि तोच पाहायचा.

हा विसावा संपतानाचं दृश्य काठाच्या जवळून बघण्यासारखं असतं. आधी पाणी तळ्यासारखं. खडकाला धरून असलेल्या समुद्री शेवाळाच्या लांब पट्ट्या सरळ खाली लोंबत असतात. मग त्यांची टोकं किंचित एका बाजूला कलतात. फेसाची एक बारीक रेघ मधोमध उमटते, लांबत जाते. शेवाळाच्या पट्ट्या आता आडव्या, ताणलेल्या. पाण्यावर ठिकठिकाणी गुळगुळीत, तेलकट दिसणारे गोल फुगवटे येतात. खालच्या खडकावर आपटून वर फेकलेलं पाणी आहे ते. त्यांच्या कडांना पहिली खळी पडते, खळी फिरू लागते, तिला नरसाळ्यासारखा आकार येतो, एक घोगरा ओढल्यासारखा आवाज होतो. ती थोडी वाहत जाते आणि विरते. तोवर शेजारी तीन नव्या तयार.

भोवरे का होतात? प्रवाहाच्या मधलं पाणी धावत असतं आणि काठाजवळचं खडकांना अडखळत रेंगाळत असतं. वेगवान आणि संथ पाणी एकमेकाला घासून जातं, तेव्हा त्यांच्या सीमेवरचं पाणी वळायला लागतं. काही भोवरे दहा मीटरपर्यंत रुंद होतात. अनेकांना वाटतं, उत्तर गोलार्ध आहे म्हणजे सगळे भोवरे एकाच बाजूला फिरत असतील. मुळीच नाही. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम इतक्या छोट्या गोष्टीवर जाणवण्याजोगा नसतो. प्रवाहाच्या दिशेनं तोंड करून उभे राहा: उजव्या काठाचे भोवरे घड्याळाच्या काट्यांसारखे फिरतील, डाव्या काठाचे उलटे. आणि सहा तासांनी? प्रवाह फिरला की उजवा काठ डावा होतो, त्यामुळे त्याच खडकाजवळचे भोवरे विरुद्ध दिशेनं फिरू लागतात. १९७८ साली बांधलेल्या उंच पुलावर चढलात तर दोन्ही काठ एकाच नजरेत दिसतात आणि हे स्वतः पडताळून पाहता येतं.

असल्या भोवऱ्यांनी गलबतं गिळल्याच्या कथा या किनाऱ्यावर शतकानुशतकं सांगितल्या गेल्या. एडगर ॲलन पो यानं १८४१ मध्ये लिहिलेली गाजलेली गोष्ट इथून पुढे लोफोटेन बेटांजवळच्या दुसऱ्या एका भोवऱ्याची आहे. पण काठावर बसून पाहायचं तर साल्टस्ट्राउमेनसारखी जागा नाही.

वाटेल, असल्या पाण्यात जगणार कोण? उत्तर ऐकून चकित व्हाल: भरपूर जीव, दाटीवाटीनं! कारण इथे अन्न शोधायला हिंडावं लागत नाही, तेच दर सहा तासांनी दारात येतं. तळाच्या कड्यांवर समुद्रफुलं, मऊ प्रवाळ आणि स्पंज एकमेकांना खेटून चिकटलेले असतात. ते फक्त हात पसरून बसतात, पाणी घास भरवत जातं. खडकाच्या कपारींत लांडगामासा दडलेला असतो. शिंपले आणि समुद्री साळू कडाकड फोडून खाणारा, आणि खाऊन झिजलेले दात दर वर्षी नवे उगवून घेणारा. पाणबुडे या सगळ्यांना भेटायला येतात, पण प्रवाह विसावलेला असतो तेवढ्या मोजक्या मिनिटांतच आणि जाणत्या स्थानिक वाटाड्याबरोबरच. जीवसृष्टीच्या या श्रीमंतीमुळे २०१३ साली हा भाग सागरी संरक्षित क्षेत्र ठरवला गेला.

पृष्ठभागाजवळची गोष्ट आणखी वेगळी. प्रवाहात सापडलेले छोटे मासे गोंधळतात, आणि त्यांच्या मागे कॉड आणि त्याचा भाऊबंद सेई हे मोठे मासे येतात. गळानं पकडलेला २२.७ किलोचा विक्रमी सेई याच पाण्यातला. समुद्रात गळ टाकायला इथे पाहुण्यालाही परवाना लागत नाही, त्यामुळे काठावर आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे रांगेनं दिसतात. आणि माशांच्या वर? पांढऱ्या शेपटीचे समुद्रगरुड, पंखांचा विस्तार जवळपास अडीच मीटर. नॉर्वेनं १९६८ मध्ये त्यांच्या शिकारीवर बंदी घातली. स्कॉटलंडमध्ये हा पक्षी माणसानं संपवला होता. १९७५ पासून दहा वर्षांत ८२ पिल्लं नॉर्वेहून विमानानं तिथल्या रम बेटावर नेली गेली, ती बोडोच्या याच परिसरातून. आज स्कॉटिश आकाशात फिरणाऱ्या अनेक समुद्रगरुडांचे पूर्वज या किनाऱ्यावरचे आहेत.

पाण्याचं वेळापत्रक जुळेपर्यंत वेळ उरला तर म्येल्ले नावाच्या किनाऱ्यावर जा. तिथली वाळू काही वेळा लाल-जांभळी दिसते. तिच्यात गार्नेट खनिजाचे कण आहेत. लाटा हलके पांढरे कण वाहून नेतात आणि जड लाल कण मागे उरतात. लाटांनी धान्य पाखडावं तसं! शहरामागचा कैसरवार्डेन हा ३६६ मीटरचा डोंगर जर्मन सम्राट विल्हेल्म दुसरा इथे आला होता त्याच्या आठवणीचं नाव मिरवतो. जून महिन्यात तो रात्री अकराला चढायला घेतला तरी चालतं, कारण सूर्य मावळतच नाही.

आता जाणाऱ्यासाठी दोन शब्द. रबरी बोटीत बसायचं तर देतील तो जाड पोशाख आणि लाइफ जॅकेट घालूनच बसा. उन्हाळ्यातही हे पाणी अंग बधिर करतं. काठावर शेवाळलेल्या खडकांवर उतरू नका, मुलांचा हात सोडू नका. प्रवाह फिरण्याच्या अर्धा तास आधी पोहोचा आणि पुढे दोन-तीन तास थांबा, म्हणजे शांत पाणी आणि ऐन जोर दोन्ही बघायला मिळतील. प्रवाह दर दिवशी सुमारे ५० मिनिटं उशिरा फिरतो, तेव्हा कालची वेळ आज गृहीत धरू नका. आणि सगळ्यात जोरदार पाणी हवं असेल, तर ते अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत येतं. त्यातही मार्च आणि सप्टेंबरमधलं उधाण वर्षातलं मोठं. चंद्र तिथेही आपलाच आहे. विमानाचं तिकीट काढण्याआधी घरातलं कालनिर्णय उघडा आणि तिथी पाहून तारीख ठरवा.