तारेतल्या पाकिटांचा हिशेब

मागच्या वर्षी आमच्या शाळेच्या संगणक कक्षात एक तक्रार आली. खिडकीजवळचा संगणक इंटरनेटवर फारच हळू चालत होता. जे चित्र शेजारच्या संगणकावर लगेच दिसे, ते इथे अर्धेच येऊन थांबे. "नववीतल्या त्या मुलाने यात खेळ भरले, म्हणून तो बिघडला," असे सगळे म्हणू लागले. मुलगा रडवेला झाला. "सर, मी काही केले नाही," एवढेच तो म्हणाला. कोणाचे खरे मानावे हे मला कळेना. मग मी संगणकालाच विचारायचे ठरवले.

संगणकाला कसे विचारतात, ते पाहू या. विंडोज असलेल्या संगणकात 'कमांड प्रॉम्प्ट' नावाची काळी खिडकी उघडता येते. तिथे चित्रे नसतात, बटणे नसतात. आपण आज्ञा, म्हणजे हुकूम, टाइप करायचा आणि 'एंटर' दाबायचे. आपली आज्ञा आहे 'नेटस्टॅट'. ती इंग्रजी अक्षरांत लिहायची, एक जागा सोडायची, मग छोटी आडवी रेघ आणि तिला चिकटून इंग्रजी 'ई'. ही आज्ञा बरीच जुनी आहे. १९८३ साली अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठातून आलेल्या युनिक्समध्ये ती प्रथम दिसली. लिनक्सवर आता याच कामासाठी 'आयपी' नावाची आज्ञा वापरतात.

आज्ञा दिली की एक तक्ता दिसतो. आलेले एका रकान्यात, गेलेले दुसऱ्यात. संगणक माहिती एकदम पाठवत नाही. तिचे लहान लहान तुकडे करतो. त्यांना पॅकेट म्हणतात. आपण पाकीट म्हणू. नेहमीच्या इथरनेट तारेवर एका पाकिटात जास्तीत जास्त १५०० बाइट माहिती मावते. किती बाइट, किती पाकिटे आली-गेली, याचा हिशेब त्या तक्त्यात असतो. (हिशेब हा शब्द तुमच्या 'हिसाब'चाच भाऊ आहे.)

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हे आकडे विजेच्या मीटरसारखे असतात. ते वाढतच जातात. मीटर एकदा पाहून या महिन्यात किती वीज जळली हे कळते का? नाही. दोनदा वाचून वजाबाकी करावी लागते. समजा, आलेले बाइट आता ५२,००,००० आहेत आणि दहा सेकंदांनी ५७,००,००० झाले. फरक ५,००,०००. म्हणजे दर सेकंदाला ५०,००० बाइट. एका बाइटमध्ये ८ बिट असतात, म्हणून हा वेग दर सेकंदाला ४ लाख बिट झाला. आज्ञेच्या शेवटी जागा सोडून १० लिहिले, तर संगणक दर दहा सेकंदांनी नवे आकडे स्वतःच दाखवतो. काही मोजक ३२ बिटांचे असतात. ते ४,२९,४९,६७,२९५ नंतर पुन्हा शून्यापासून सुरू होतात. तेव्हा वजाबाकी उलटी आली तर घाबरू नका.

आमच्या कामाची ओळ होती 'त्रुटी' ही. पाठवणारा प्रत्येक पाकिटाच्या शेवटी ४ बाइटांची एक खूण जोडतो. घेणारा तीच खूण पुन्हा काढून ताडून पाहतो. जुळली नाही, तर पाकीट वाटेत बिघडले असे समजून टाकून देतो आणि त्रुटी एकने वाढवतो. मग तीच माहिती पुन्हा मागवावी लागते. काम रेंगाळते ते यामुळे.

मी एक मिनिटाच्या अंतराने दोनदा वाचले. त्रुटी वाढल्या होत्या. शेजारच्या संगणकावर एकही वाढली नव्हती. खेळ भरल्याने पाकिटे बिघडत नाहीत. दोष तारेत, तारेच्या खोबणीत किंवा आतल्या कार्डात असणार. सर्वांत स्वस्त वस्तू आधी बदलावी, म्हणून तार काढली. ती टेबलाच्या पायाखाली दबून चपटी झाली होती.

नवी तार लावली आणि त्या मुलालाच आकडे वाचायला सांगितले. जुन्या त्रुटी तशाच दिसत होत्या. त्या पुसल्या जात नाहीत. पण पाच मिनिटांनीही तोच आकडा होता. मुलाने आणखी एकदा मोजून पाहिले, आणि मग वही घेऊन सगळ्यांना दाखवायला धावला.