मट्टनचेरीच्या भिंती

राजवाडा म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारा डौल मट्टनचेरीत शोधू नये. कोचीच्या जुन्या बंदराजवळ, मसाल्यांच्या वखारींच्या शेजारी, पांढऱ्या भिंतींची ही दुमजली कौलारू वास्तू उभी आहे. 1341 च्या पुरानंतर मुझिरिसचं बंदर गाळानं भरलं असं मानतात; व्यापार कोचीकडे सरकला आणि मिऱ्यांच्या मागावर पोर्तुगीजही आले. त्यांनीच 1555 च्या सुमारास हा वाडा बांधून राजा वीर केरळ वर्मा यांना नजर केला. 1663 मध्ये डचांनी कोची घेतली, वाड्याची डागडुजी केली, आणि तेव्हापासून तो ‘डच पॅलेस’ झाला.

पण देणारे परके असले तरी घर अस्सल मल्याळी आहे. मधे चौक, चारही अंगांना दालनं, ही तिथली नालुकेट्टूची रचना. चौकात राजघराण्याची देवी, पळयन्नूर भगवती. युरोपची छाप कमानींत आणि खोल्यांच्या मापांत दिसते, तेवढीच. पायाखालची काळी, चकचकीत जमीन संगमरवरी वाटते. प्रत्यक्षात ती जाळलेल्या करवंट्या, कोळसा, चुना, झाडपाल्याचे रस आणि अंड्यातलं पांढरं यांची आहे.

राज्याभिषेकाचं दालन, राजांच्या तसबिरी, पालख्या, शस्त्रं हे सगळं बघावं, पण वेळ राखून ठेवावा तो पळ्ळियरासाठी, म्हणजे राजाच्या शयनगृहासाठी. इथं भिंतींवर रामायण आहे. दशरथाच्या पुत्रकामेष्टीपासून कथा सुरू होते आणि एका प्रसंगाला खेटून दुसरा येतो; माणसं, वानर, राक्षस, झाडं यांनी भिंत अशी भरून जाते की मोकळी जागा शोधावी लागते. चेहरे भरीव, डोळे लांबट, अंगभर दागिने. मला या गर्दीचा कंटाळा आला नाही. प्रत्येक आकृतीला तिचा भाव आहे. केरळच्या या परंपरेत चुन्याचा गिलावा पूर्ण वाळल्यावर रंग लावतात. तांबडा आणि पिवळा मातीतून, काळा दिव्याच्या काजळीतून, हिरवा झाडपाल्यातून. बांधायला कडुनिंबाचा डिंक. खालच्या मजल्यावर गोवर्धन उचललेला कृष्ण आहे, मोहिनी आहे. आत फोटो न काढलेलेच बरे. माणूस निदान डोळ्यांनी बघतो.

बाहेर पडल्यावर लगेच परत फिरू नये. वाड्याला लागूनच, राजानं दिलेल्या जमिनीवर, 1568 चं परदेशी सिनेगॉग आहे. पोर्तुगिजांच्या जाचामुळे गोवा सोडून आलेल्या कोकणी कुटुंबांनाही याच राजवटीत आसरा मिळाला. त्यांचं तिरुमल देवस्थान मट्टनचेरीतच आहे. मराठी वाचकानं तिथवर जायलाच हवं. डच अधिकारी व्हान रीड यानं मलबारच्या वनस्पतींवर जो ‘होर्तुस मालाबारिकुस’ हा ग्रंथ सिद्ध केला, त्याला याच समाजातल्या रंग भट, विनायक पंडित आणि आप्पू भट या कोकणी वैद्यांनी आपली विद्या दिली. 1678 मध्ये ॲमस्टरडॅमला छापलेल्या पहिल्या खंडात त्या तिघांचं निवेदन नागरी लिपीत आहे.