पाऊस उतरल्यावर मासे कुठे धरावेत, कोणते धरावेत?



धानाच्या पट्ट्यातून आमच्या कार्यक्रमाला पत्रे येतात. आश्विन लागला की त्यात एक प्रश्न हमखास असतो. "साहेब, पावसाळ्यात मासे चढताना दिसले. आता पाणी निवळलं, तरी गळाला काही लागत नाही. मासे गेले कुठे?" मासे कुठे जात नाहीत, आपली जागा बदलतात. ती जागा ओळखली की अर्धे काम झाले. बाकीचे अर्धे काम म्हणजे कोणता मासा धरायचा आणि कोणता सोडायचा हे कळणे. या पत्रकात तेच सांगणार आहे. उदाहरणे भंडारा-गोंदियाकडची आहेत, कारण तिथे तलाव, बोडी, बांधी आणि नदी ही चारही पाणी जवळजवळ सापडतात. पण माशाचा स्वभाव सगळीकडे तोच.

आश्विन-कार्तिकात मासा काय करतो?

रोहू, कटला, मृगळ हे मासे पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी टाकतात. भादवा संपेपर्यंत हे काम उरकते. अंडी टाकून मासा रोडावलेला असतो, त्याला भूक असते. इकडे पाणी निवळते, ऊन पडते आणि पाण्यात बारीक शेवाळ आणि किडे वाढतात. म्हणजे मासा भुकेला आणि ताटही वाढलेले. पुढे पौषात पाणी गार झाले की हाच मासा खाणे कमी करतो, तळाशी सुस्त राहतो. म्हणून गळ टाकणाऱ्याला नवरात्र ते कार्तिक अखेर हे दिवस चांगले.

वेळही पाहावी. आश्विनातले दुपारचे ऊन कडक असते. उथळ पाणी तापते आणि मासा खोल सावलीत जातो. सकाळी ऊन कोवळे असेपर्यंत आणि दुपारी चारनंतर गळ टाकावा. पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून हवा घेताना दिसले तर ते भुकेले आहेत असे समजू नका. पाण्यात प्राणवायू कमी पडला आहे, त्यांचा जीव गुदमरतो आहे. ढगाळ दिवसानंतर असे जास्त होते. तुमची स्वतःची बोडी असेल तर त्या दिवशी खाद्य टाकू नका. शक्य असल्यास पंपाने ताजे पाणी सोडा, नाहीतर तेच पाणी उपसून वरून धार पाडा.

कुठे पाहावे?

१) नाला तलावाला मिळतो ती जागा. परतीचा पाऊस पडून गेला की नाल्यातून किडे, गांडुळे, कुजका पाला येतो. मासा तिथे तोंड लावून उभा असतो. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी, गढूळ पाणी निवळू लागताना तिथे गळ टाकून पाहा.

२) सांडव्याखालचा डोह. तलाव भरून वाहतो तेव्हा मासे सांडव्यावरून खाली उतरतात आणि पाणी बंद झाले की डोहात अडकतात. हे मासे बऱ्याचदा तलावात बीज टाकणाऱ्या संस्थेचेच असतात. म्हणून आधी विचारावे. ज्यांची स्वतःची बोडी आहे त्यांनी पुढच्या वर्षी सांडव्याला बांबूची जाळी बसवावी. नाहीतर बीज आपले आणि मासे दुसऱ्याचे असे होते.

३) बांधीची मोरी. हलके धान कापणीला येते तेव्हा आठ-दहा दिवस आधी आपण पाणी काढतो. बांधीतले बारके मासे, मुऱ्या, झिंगे पाण्याबरोबर मोरीकडे येतात. तिथे बांबूची टोपली लावली की घरापुरते कालवण होते. पण तुडतुड्यांसाठी किंवा खोडकिडीसाठी फवारणी केली असेल तर त्या बांधीतला मासा खाऊ नका. मेलेला तर नाहीच, जिवंत दिसला तरीही नाही. फवारणीचा पंपही नाल्यात धुऊ नका. पिकावर वापरतात त्यातली काही औषधे माशाला थोड्याशा प्रमाणातही मारतात.

४) नदीचा डोह आणि वळण. पाणी उतरले की मोठा मासा वळणावरच्या खोल पाण्यात, झाडांच्या मुळ्यांत, खडकाच्या आडोशाला राहतो. वाहत्या पाण्याच्या कडेला जिथे पाणी संथ होते तिथे गळ टाकावा.

५) गवताची कड. तलावात कमळ, शिंगाडा किंवा पाणगवत असेल तर त्याच्या कडेला मरळ आणि तिलापिया असतात. शिंगाड्याचे वेल मात्र कुणाचे तरी पीक आहे. ते तुडवू नका.

तोंड पाहून मासा ओळखा

कटल्याचे डोके मोठे आणि तोंड वर वळलेले. तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात राहतो. मृगळाचे तोंड खाली वळलेले, तो तळातला चिखल चाळतो. म्हणून मृगळासाठी गळ तळाला टेकू द्यावा, रोहूसाठी थोडा वर ठेवावा. दोघांनाही कणकेचा गोळा आवडतो. त्यात भुईमुगाची पेंड मिसळली तर वासावर लवकर येतात. कटला गळाला क्वचित लागतो, त्याला जाळेच लागते.

वाम रात्री फिरते. दगडांच्या फटीजवळ गांडूळ लावून गळ टाकावा. मरळ दुसरे मासे आणि बेडूक खाते. तिला लहान मासा किंवा बेडकी लावतात. मरळ वरची हवाही घेते. म्हणून ओल्या पोत्यात बराच वेळ जिवंत राहते आणि बाजारात जिवंत मरळीला भाव चांगला मिळतो.

शिंगी धरताना सावध राहा. तिच्या बाजूच्या काट्यांत विष असते आणि ठणका फार लागतो. काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो हात धरावा, आराम पडतो. सूज वाढली किंवा काटा आत मोडला तर दवाखाना गाठावा.

कोणता मासा सोडायचा?

आश्विनात तलावाच्या कडेला कधी लालसर पिल्लांचा घोळका पाण्यावर वरखाली होताना दिसतो. ती मरळीची पिल्ले. त्यांच्या खाली आईबाप राखणीला असतात आणि चिडून गळावर चटकन येतात. ही जोडी धरली तर दुसरे मासे ती पिल्ले एका दिवसात फस्त करतात. एका मरळीच्या मोहापायी शेकडो पिल्ले जातात. घोळका दिसला की ती जागा सोडा. पोटाखाली पिल्ले असलेला खेकडाही सोडा.

बारीक आसाचे जाळे, मच्छरदाणी, साडी लावून बोटाएवढे मासे गाळू नका. रोहू-कटल्याला अंडी धरायला साधारण दोन वर्षे लागतात. त्याआधीच सगळे काढले तर नदीत पुढची पिढी येणार कुठून?

नदीच्या काही डोहांत मासे धरतच नाहीत. वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसे येथे, महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीत लोकांनी देवाच्या नावाने मासे राखले आहेत. आपल्या गावालाही असा एखादा डोह राखता येईल. बाकीच्या नदीला तिथूनच बीज मिळते.

उलट तिलापिया कितीही धरा, लहान असला तरी धरा. हा परदेशी मासा १९५२ साली आपल्या देशात आणला. तो तलावातच भराभर पिल्ले घालतो आणि इतर माशांचे खाद्य संपवतो. परदेशी मागूर, ज्याला बाजारात थाई मागूर म्हणतात, त्याच्या पालनावर २००० सालापासून बंदी आहे. तो फार खादाड आहे. पुरात निसटला तर नदीतले आपले मासे राहायचे नाहीत. स्वस्त बीज मिळते म्हणून तो बोडीत टाकू नका.

बोडीतले मासे: आता काढायचे की थांबायचे?

पूर्वी तलावासाठी बीज नदीतून गोळा करावे लागे, कारण रोहू-कटला साठलेल्या पाण्यात अंडी टाकत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन या माशांकडून अंडी घेण्यात यश मिळवले. त्यामुळे आज तुम्हाला आषाढ-श्रावणात बोटुकली विकत मिळते.

ही बोटुकली दिवाळीपर्यंत साधारण पाव किलोची होते. इथेच घाई नडते. माझ्या भागातल्या एका शेतकऱ्याने दिवाळीच्या खर्चासाठी बोडीत जाळे ओढले. पाव पाव किलोचे मासे बाजारात नेले. लहान मासा म्हणून भाव पडला आणि वजनही भरले नाही. त्याच्या बोडीला उन्हाळ्यातही कमरेच्या वर पाणी असते. तेच मासे खाद्य देऊन वर्षभर ठेवले असते तर पाऊण ते एक किलोचे झाले असते. एक हजार मासे जगले असे धरा. आज काढले तर अडीचशे किलो, थांबले तर साडेसातशे किलोच्या पुढे. हा फरक घरात बसून मोजता येतो.

पण सगळ्यांनी थांबू नये. माघ-फाल्गुनात आटणारी बोडी असेल तर थांबून मासे मरतील. म्हणून एक काठी घ्या, त्यावर फुटाच्या खुणा करा आणि बोडीच्या सर्वांत खोल जागी रोवा. दर आठवड्याला पाणी किती उतरले ते पाहा. पाणी तीन फुटांवर आले की मासे काढायला सुरुवात करा. मोठे आधी काढा, लहान मागे ठेवा. बारमाही पाण्यात मात्र आता फक्त गेल्या वर्षीचे मोठे मासे काढा. यंदाची बोटुकली वाढू द्या.

बाजाराचेही गणित आहे. श्रावणात आणि नवरात्रात बरीच घरे मासे खात नाहीत. दसरा झाला की गिऱ्हाईक परत येते. जाळे दसऱ्यानंतर ओढलेले बरे. मासे पहाटे काढा, सावलीत ठेवा. जितका मासा तितका बर्फ हा हिशेब ठेवा. बारके मासे उरले तर पोट साफ करून चार किलोला एक किलो मीठ लावा आणि स्वच्छ जागी, जमिनीपासून उंच वाळवा.

हे मात्र करू नका

दोन वर्षांपूर्वी एका गावाजवळच्या डोहात कुणी रात्री कीटकनाशक ओतले. सकाळी मी तिथे गेलो तेव्हा पाणी पांढरे दिसत होते. ती उलटी पडलेली पोटे होती. मोठे मासे नेणाऱ्यांनी नेले होते, बोटाएवढी पिल्ले काठाला सडत होती. खालच्या अंगाला बाया धुणे धूत होत्या, गुरे पाणी पीत होती. दहा-पंधरा किलो माशांसाठी सगळा डोह गेला. पुढच्या आश्विनात तिथे गळ टाकणाऱ्याला काही मिळाले नाही.

विष किंवा सुरुंग वापरून मासे मारणे १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. विजेची तार पाण्यात सोडणे त्याहून वाईट. ओला माणूस, ओला काठ आणि चालू तार, यात आधी माणूसच जातो. पोरांना हे ओरडून नव्हे, जवळ बसवून सांगा.

आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवा. आश्विनातल्या पावसात वीज फार पडते. गडगडाट ऐकू आला की पाण्यातून बाहेर या, एकट्या झाडाखाली थांबू नका. नदीवर वर धरण असेल तर पाणी सोडणार आहेत का याची चौकशी करा. आणि तलाव कुणाच्या ठेक्यात आहे हे ग्रामपंचायतीत विचारा. ठेका मच्छीमार संस्थेचा असेल तर त्यांचे बीज, त्यांची मेहनत त्यात आहे. आपल्या धानात कुणी गुरे सोडली तर आपल्याला जसे वाटेल, तसेच त्यांनाही वाटते. गळ टाकायचा तर त्यांना विचारून टाका. संस्थेतल्या ढीमर-भोई मंडळींशी चार शब्द बोला. कोणत्या वळणावर कोणता मासा बसतो हे तुम्हाला त्यांच्याइतके चांगले दुसरे कुणी सांगणार नाही. मी स्वतः वाम धरायला त्यांच्याकडूनच शिकलो, पुस्तकातून नव्हे.

तेव्हा बंधूंनो, नवरात्र उठले की गळ काढा. मोठा मासा घ्या, लहान सोडा, मरळीची जोडी राखा. तुमच्या बोडीत काठी रोवली का आणि दर आठवड्याला पाणी किती उतरले, हे आम्हाला पत्राने कळवा. पुढच्या पत्रकात हिवाळ्यात माशांना खाद्य किती आणि केव्हा द्यावे, ते पाहू.