साठवण्यापेक्षा पुन्हा काढलेलं बरं

बुलढाणा जिल्ह्यात १३ तालुके. समजा, त्यांच्या पावसाचे आकडे एका तक्त्यात ओळीने मांडलेत आणि पहिला आकडा बुलढाण्याचा आहे. सी भाषेतला एक छोटा प्रोग्राम ‘प’ नावाचा पॉइंटर या तक्त्याच्या तोंडाशी लावतो. पहिल्या लूपमध्ये दर फेरीला बुलढाण्याचाच आकडा वाचायचा आहे, त्यामुळे ‘प’ जागचा हलत नाही. दुसऱ्या लूपमध्ये तो एकेक घर पुढे सरकत तेराही तालुके फिरतो.

आता हा ‘प’ ठेवायचा कुठे? हिशेबाला हाताशी लागणाऱ्या जागा म्हणजे प्रोसेसरमधली रजिस्टरं, आणि ती मोजकीच असतात. साध्या ६४-बिट पीसीत सामान्य वापराची १६, मोबाइलमधल्या ६४-बिट आर्म प्रोसेसरमध्ये ३१. एकाच वेळी लागणाऱ्या किमती त्याहून जास्त झाल्या, की कम्पायलर (प्रोग्रामचं प्रोसेसरच्या सूचनांत भाषांतर करणारा) एखादी उचलून मेमरीत ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. यालाच स्पिल म्हणतात. आजच्या प्रोसेसरवर अगदी जवळच्या कॅशमधून किंमत आणायलाही साधारण चार-पाच चक्रं जातात. साधी बेरीज एका चक्रात उरकते.

मग काही किमती साठवायच्याच कशाला? पापड-कुरडया आपण डब्यात भरून माळ्यावर ठेवतो. फोडणी कुणी ठेवत नाही, ती लागेल तेव्हा नव्याने करतो. तक्त्याचा पत्ता हा फोडणीच्या जातीचा आहे. एका सूचनेत तो पुन्हा तयार होतो. या युक्तीचं नाव रीमटेरियलायझेशन.

आयबीएममध्ये ग्रेगरी चायटिन आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली आलेख रंगवून रजिस्टर-वाटप करण्याची पद्धत मांडली, तेव्हाच ही कल्पना त्यांना सुचली होती. पण त्यांच्या पद्धतीत ‘प’ची सगळी हयात एकच धरली जाई. दुसऱ्या लूपमध्ये तो बदलतो, म्हणून पहिल्या लूपमध्येही त्याच्या वाट्याला मेमरीची खेप यायची. राइस विद्यापीठातल्या प्रेस्टन ब्रिग्ज, कीथ कूपर आणि लिंडा टॉर्क्झन यांनी १९९२ साली ही हयात तोडली. पहिल्या लूपमधला ‘प’ पुन्हा काढता येण्याजोगा, दुसऱ्यातला नाही. दोघांना वेगवेगळी वागणूक. मला हा शोध फार देखणा वाटतो, कारण त्यांनी नवं यंत्र मागितलं नाही, फक्त नीट पाहिलं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्या परिषदेत हा निबंध आला, तिथेच आयआयटी मुंबईचे प्रा. धनंजय ढमढेरे यांचाही, बॅरी रोझेन आणि केनेथ झाडेक यांच्यासोबतचा, निबंध होता: मोठ्या प्रोग्रामचं विश्लेषण कमी खर्चात कसं करावं. ढमढेऱ्यांचं बरंच काम उलट्या दिशेचं, म्हणजे तीच आकडेमोड दुसऱ्यांदा होऊ न देण्याचं. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. एकदा काढून जपलेली किंमत रजिस्टर अडवून बसते. ते भाडं मोजणीच्या खर्चाहून चढं झालं, की जपणं तोट्याचं.

याचं टोकाचं रूप बुलढाण्याशेजारच्या अकोला जिल्ह्यात जन्मलेल्या विजय भटकरांच्या कामात सापडतं. त्यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकने १९९१ साली परम ८००० उभा केला तो इनमॉस कंपनीच्या टी८०० ट्रान्सप्युटरांवर. या चिपमध्ये पूर्णांकांच्या आकडेमोडीला एकावर एक रचलेली फक्त तीन रजिस्टरं! ० ते १५ मधला स्थिरांक आणायला एक चक्र लागे, तर चिपच्याच आतल्या मेमरीतून स्थानिक चल आणायला दोन. तिथे स्थिरांक जपून ठेवण्यात काहीच हशील नव्हतं.

मात्र सरसकट पुन्हा काढत सुटणंही चुकीचं. भागाकार महाग असतो. शिवाय ज्या किमतींवरून उत्तर काढायचं, त्या तोवर जिवंत हव्यात. नाहीतर एक रजिस्टर मोकळं करायला दोन अडकतात. म्हणूनच स्थिरांक आणि ठरलेले पत्ते हे पहिले उमेदवार.

शेगावच्या श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयात, किंवा कुठेही, कम्पायलर शिकणाऱ्या मुलांना हे स्वतः पाहता येतं. जीसीसी या कम्पायलरच्या पाचव्या आवृत्तीपासून (२०१५) या कामाचा एक स्वतंत्र टप्पा आहे. भरपूर चल असलेला लूप लिहा, एकदा ‘ओ-२’ हा पर्याय देऊन असेंब्ली काढा, एकदा त्याच्या जोडीला ‘एफ-नो-एलआरए-रीमॅट’ देऊन. दोन्ही फायली शेजारी ठेवा आणि स्टॅककडे जाणाऱ्या ओळी मोजा. फरक दिसला नाही, तर लूपमध्ये आणखी चार चल घाला.